०.०३ मिलिमीटरचा पाटा

पुण्याला परत निघायच्या आदल्या रात्री मी परसातून फुटक्या पाट्याचा एक कोपरा उचलून आणला, मोरीत घासून धुतला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातला. आजी खाटेवरून बघत होती. "पुनाले दगड लई चालनी का वं?" तिने विचारलं, म्हणजे पुण्याला दगड घेऊन चाललीस का. मी मान डोलावली. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तिचं शिक्षणच दगडांचं आहे." कुणाच्या तरी दुखण्याचं नाव सांगावं, तशा आवाजात.

२०११ ची दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मी टी. वाय. बी.एस्सी.ला होते आणि विषय होता भूशास्त्र. तो मी निवडला होता असं म्हणणं खोटं होईल. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातून पुण्यात आले ती केमिस्ट्री करायला. तेव्हा पहिल्या वर्षाला चार विषय घ्यावे लागायचे आणि फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्ससोबत जो चौथा विषय शिल्लक होता तो जिऑलॉजी. बाकीच्या गटांच्या जागा भरल्या होत्या. घरी कळल्यावर मामांनी फोनवर विचारलं, "म्हणजे पाथरवट होणार का तू?" त्यानंतर ठरलेला प्रश्न, "याला स्कोप काय?" स्कोप काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. एफ. वाय.च्या शेवटी केमिस्ट्रीत पंचेचाळीस आणि जिऑलॉजीत एकाहत्तर पडले, मग कसला स्कोप!

पहिली दोन वर्षं विषय आवडला असंही नाही. लाकडी स्फटिकांची मॉडेल्स हातात धरून त्यांचे अक्ष मोजायचे, मिलरचे निर्देशांक पाठ करायचे, शिंपल्यांच्या जीवाश्मांची चित्रं जर्नलमध्ये काढून खाली नावं लिहायची. चित्रं मी बरी काढायचे, एवढंच. होस्टेलवर आम्हाला दगडफोडे म्हणत. फील्ड ट्रिप असली की खांद्याला हातोडा, गळ्यात भिंग आणि बुटांना चिखल अशा अवतारात आम्ही परतायचो, त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिसऱ्या वर्षी पेट्रॉलॉजीच्या, म्हणजे खडकांच्या अभ्यासाच्या, प्रात्यक्षिकाला मॅडमनी सुट्टीआधी एक काम दिलं. आपापल्या गावचा एक दगड आणायचा, त्याची थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकात बघायचा पातळ काप, स्वतः करायची आणि सत्राच्या शेवटी त्या एका दगडाबद्दल वर्गासमोर बोलायचं. पुस्तकात जे सापडेल ते नको. तोवर आम्ही बघत होतो त्या स्लाइड्स लाकडी पेटीतून यायच्या. त्यांच्यावर नंबर असायचे आणि प्रत्येक नंबराचं उत्तर सीनिअर्सच्या जर्नलमध्ये तयार असायचं. बारा नंबर म्हणजे ऑलिव्हिन बेसाल्ट, एकोणीस म्हणजे ग्रॅनाइट. सूक्ष्मदर्शकात न बघता प्रात्यक्षिक पार पडायचं. माझ्या पाट्याचं उत्तर कुठल्याच जर्नलात नव्हतं.

पाटाच का, तर दुसरा दगड सुचला नाही. शिवारात दगडांना तोटा नाही, पण उचलायला गेलं की सगळे सारखेच वाटत. पाटा निदान ओळखीचा होता. त्यावर आजीने वर्षानुवर्षं मसाला वाटला होता. वर्षातून एकदा दारावर येणाऱ्या बाईकडून त्याला टाकी लावून घ्यायची आणि तरीही दर वर्षी तो मधे थोडा आणखी खोलगट व्हायचा. शेवटी भांडी ठेवायच्या मांडणीवरून पडला आणि दुभंगला. फोडणीचा वास मात्र मोरीत घासूनही त्याला येत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

---

थिन सेक्शन म्हणजे दगडाचा इतका पातळ काप, की त्यातून उजेड आरपार जावा. जाडी ०.०३ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण याच्या दुप्पट जाड असतो. १८४९ मध्ये शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी नावाच्या माणसाने खडकाचा असा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पहिल्या वर्षी या सालाखाली मी लाल रेघ मारली होती आणि विसरून गेले होते. स्वतः घासायला बसल्यावर वाटलं, त्या बिचाऱ्याने हे कसं काय केलं असेल!

आम्हाला शिकवायला मामा होते. पुण्यातल्या कॉलेजांत शिपायाला आणि लॅब अटेंडंटला मामाच म्हणतात. आमचे मामा मात्र खात्यातले खरे कारागीर. पंचवीस वर्षं ते हेच करत होते. शिक्षण किती ते कधी कळलं नाही. पण काचेवर दगड घासल्याचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकून "कोण रे तो, चारशेची पावडर सहाशेच्या काचेवर घेतोय?" असं तिथूनच ओरडायचे, आणि खरोखर तसंच असायचं.

पहिलं काम कटरवर. हिऱ्याची धार असलेली गोल पात, वरून पाण्याची धार, आणि दगड चिमट्यात. पाट्याचा कोपरा मामांनीच कापला, कारण मागे कुणीतरी बोट घालून घेतलं होतं. सुपारीच्या खांडापेक्षा थोडा मोठा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा चौकोन हातात आला. बाहेरून काळा होता तसा आतूनही काळाच.

मग त्याची एक बाजू आरशासारखी सपाट करायची. कार्बोरंडमची पावडर आणि पाणी, खाली जाड काच. दोनशे वीस नंबरची भरड पावडर आधी, मग चारशे, सहाशे, हजार. नंबर वाढतो तशी पावडर बारीक. तुकडा बोटांच्या टोकांखाली धरून इंग्रजी आठाचा आकडा काढत फिरवायचा, म्हणजे सगळीकडे सारखा झिजतो. नुसतं गोल फिरवलं की कडा आधी जातात. प्रत्येक पावडरीनंतर तुकडा, बोटं, नखांच्या कोपऱ्यांपर्यंत सगळं धुवायचं, कारण दोनशे वीसचा एक कण जरी हजारच्या काचेवर आला तरी तासाभराच्या कामावर ओरखडा उमटतो. मामा नखं तपासायचे. शाळेत सोमवारी तपासायचे तशी.

मग चिकटवणं. काचेच्या पट्टीवर कॅनडा बाल्समचा थेंब ठेवून ती हॉटप्लेटवर तापवायची. हा फर जातीच्या झाडाचा डिंकासारखा चीक, वास टर्पेंटाइनच्या जवळचा. तो कच्चा राहिला तर दगड पुढे घासताना सरकतो आणि जास्त शिजला तर ठिसूळ होऊन तडकतो. सुई बुडवून तार ओढून बघायची, आणि गार झाल्यावर ती तार नखाने मोडून. मी पाक बघत लहानाची मोठी झालेय, आमच्याकडे दिवाळीत एकतारी-दोनतारीवर भांडणं होतात, त्यामुळे वर्गात या एका टप्प्यावर माझा हात पहिल्यांदाच बसला. मामा खूश झाले. "हिला घरचं वळण आहे," म्हणाले. वर्गातली मुलं तोवर करपलेल्या बाल्समच्या वासाने खोकत होती.

सपाट बाजू बाल्समवर ठेवायची, पेन्सिलीच्या मागच्या रबराने दाबून बुडबुडे कडेला हाकलायचे आणि गार होऊ द्यायचं. मग सुरू होतो खरा छळ. आता दुसरी बाजू घासायची, आणि घासत घासत तीन मिलिमीटरवरून तीन शतांशावर यायचं.

फिरत्या चाकावर भरड काम होतं, पण शेवटचा भाग हाताने. पहिले दोन दिवस काहीच होत नाही. दगड काळा तो काळा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टी वर धरली तर कडेला तपकिरी उजेड दिसला, चहाच्या रंगाचा. मामांनी टेबलावरचा पेपर पुढे सरकवला आणि म्हणाले, "ठेव त्याच्यावर." पट्टी पेपरवर ठेवली. दगडातून अक्षरं दिसत होती. कुठल्याशा साखर कारखान्याच्या निवडणुकीची बातमी होती. माझ्या आजीच्या पाट्यातून मी ती वाचली, मग आणखी दोघांना बोलावून वाचायला लावली.

आनंदाच्या भरात आणखी घासलं. मामा जेवायला गेले होते. चार-पाच आकडे काढले असतील, पट्टी धुतली, तर काच नुसती कोरी. एका कोपऱ्यात नखाएवढा तांबूस डाग. बाकी पाटा पावडरीच्या पाण्यात वाहून बेसिनमध्ये गेला होता. तीन दिवसांचं काम. मी त्या बेसिनकडे बराच वेळ बघत उभी होते. मामा परत आले, पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "पाचर झाली. एका अंगाला जोर देतेस." त्यांना दुसरा तुकडा कापून द्यायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी बुडबुडा राहिला आणि नेमका त्याच्यावरचा भाग निघून गेला. तिसरी उतरली.

ती उतरली हे कळतं कसं? एवढी जाडी मोजायला आमच्याकडे उपकरण नव्हतं, आणि लागतही नाही. दगडच सांगतो. सूक्ष्मदर्शकात खाली एक आणि वर एक अशा दोन ध्रुवक चकत्या असतात, एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या. विल्यम निकॉलने १८२८ मध्ये आइसलँडच्या कॅल्साइट स्फटिकापासून असा लोलक केला होता, म्हणून अजूनही तोंडात निकॉलच. दोन्ही एकमेकांना आडव्या केल्या की रिकामी काच काळीकुट्ट दिसते, पण मधे स्फटिक आला की तो रंग दाखवतो. तो रंग स्फटिकाच्या जातीवर ठरतो आणि कापाच्या जाडीवरही. प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज जाड असताना नारिंगी-पिवळं दिसतं, घासत गेलं की फिकट पिवळं, आणि ०.०३ ला पोचलं की पांढरट-करडं. चार आकडे काढायचे, धुवायचं, बघायचं. पुन्हा चार आकडे. पिवळं. पुन्हा दोन. अजून जरा पिवळं. शेवटी शेवटी मी श्वास रोखून एक-एक आकडा काढत होते. करडं झालं तेव्हा मामांनी पट्टी हातातून काढूनच घेतली. मी आणखी घासेन याची त्यांना खात्री होती.

---

वरून पातळ काच चिकटवली, जास्तीचं बाल्सम पुसलं आणि मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, काही बोलल्या नाहीत, उठून मला बसायला सांगितलं.

"काय दिसतंय?"

"प्लॅजिओक्लेज, ऑगाइट, मॅग्नेटाइट," मी धडाधड म्हणाले. बेसाल्टची खनिजं कुणीही झोपेत सांगेल.

"ही नावं झाली. मी विचारलं, दिसतंय काय."

या प्रश्नाने मला त्या सत्रात किती छळलं असेल! नावं सगळी पाठ होती, पण दिसतंय काय ते सांगायला शब्दच नव्हते. नाव घेतलं की मॅडम हात वर करून थांबवायच्या. रंग सांग, आकार सांग, कडा सरळ आहेत की दातेरी, कोण कुणाच्या आत शिरलाय, कोण कुणाला अडवतोय. नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही पटलं तर. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मी तीन वाक्यं बोलले असेन.

पहिली गोष्ट जी स्वतः पाहिली ती अशी, की पाटा काळा नाही. वरचा निकॉल काढून साध्या उजेडात पाहिलं तर जवळपास निम्मा भाग पाण्यासारखा बिनरंगी होता. लांबट पट्ट्या, वेड्यावाकड्या पडलेल्या, काडेपेटी सांडल्यासारख्या. त्यांच्या मधल्या जागेत फिकट तपकिरी तुकडे, आणि इथे-तिथे शाईचे थेंब पडावेत तसे ठार काळे ठिपके. आख्ख्या दगडाला काळा रंग द्यायला ते ठिपके आणि तपकिरी तुकडे पुरत होते. हे पुस्तकात होतं. टक्केवारीसकट होतं. पण मी आजीच्या पाट्याला जन्मभर काळा म्हणत आले होते.

मग निकॉल आडवे केले. बिनरंगी पट्ट्या करड्या झाल्या आणि प्रत्येकीच्या अंगावर सतरंजीसारखे उभे पट्टे उमटले, एक पांढरा, एक काळा. सूक्ष्मदर्शकाचं पट्टी ठेवायचं गोल टेबल फिरवलं की पांढऱ्याचा काळा होतो, काळ्याचा पांढरा. एका पूर्ण फेरीत प्रत्येक पट्टा चार वेळा काजळतो आणि चार वेळा उजळतो. तपकिरी तुकड्यांनी मात्र कमाल केली. निळा, गुलाबी, पिवळा, पोपटी. आईच्या गोधडीत कुणाकुणाच्या साड्यांचे तुकडे शेजारी शेजारी आलेले असतात ना, तसं. मी टेबल फिरवत राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, आता मला दे. मी दिलं नाही.

आता कुणी म्हणेल, रंग बघून हरखलीस, एवढंच. पहिल्या दिवशी एवढंच होतं, खरं आहे. दुसऱ्या आठवड्यात रंगांची सवय झाली आणि मग वेगळी मजा सुरू झाली. एका मोठ्या निळ्या तुकड्यात पाच-सहा करड्या पट्ट्या रुतलेल्या होत्या, गुळाच्या ढेपेत काड्या रुताव्यात तशा. टेबल फिरवलं की तो निळा तुकडा इकडून तिकडे एकदमच काजळायचा. म्हणजे पट्ट्यांनी छेदलेला असला तरी तो एकच स्फटिक. मॅडमना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग आधी कोण आलं?" मी म्हणाले, काड्या. त्यांच्या कडा सरळ आहेत, त्यांना वाढायला मोकळी जागा मिळालीय. निळ्याला उरलेल्या जागेत बसावं लागलंय. "आता नाव घे," मॅडम म्हणाल्या. या रचनेला ऑफिटिक म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हा शब्द मी व्याख्येसकट पाठ केला होता आणि दोन मार्क मिळवले होते.

पट्ट्या काजळण्याचे कोन मोजून प्लॅजिओक्लेजची नेमकी जात काढता येते. मिशेल-लेव्हीची पद्धत. दहा कणांचे कोन मोजायचे आणि सगळ्यात मोठा घ्यायचा. माझा ३४ अंश आला, तक्त्यावर लॅब्राडोराइट. हे काम रटाळ आहे, मान दुखते आणि एक डोळा मिटून मिटून गालाला गोळा येतो. त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

---

होस्टेलच्या गच्चीवर एका रात्री विषय निघाला, की आपापल्या कोर्समध्ये एकच पेपर ठेवायचा तर कुठला. बॉटनीवाली म्हणाली, वनस्पतींचं वर्गीकरण, कारण त्यात हर्बेरियम करायचं होतं आणि तिने रविवारी वेताळ टेकडीवर जाऊन गवतं गोळा केली होती. तिच्या गादीखाली महिनाभर पेपरात दाबलेली झाडं होती आणि आम्ही त्यावर बसून चहा प्यायचो. एम. ए. मराठीवाली लोकसाहित्य म्हणाली. तिने आत्याकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. आत्या फोनवर गायला लाजायची म्हणून ही एसटीने सोलापूरला गेली. बी.कॉम.वाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला ऑडिटिंग आवडलं, पण ते सर आवडले म्हणून." सगळ्या हसल्या. तरी तिचं उत्तर खोटं नव्हतं. आमच्या मॅडम नसत्या आणि मामा नसते, तर मीही बारा नंबरचं उत्तर उतरवून पास झाले असते. चौघींपैकी कुणीही नोट्स चांगल्या होत्या म्हणून अमुक पेपर, असं म्हटलं नाही.

---

माझ्या पाट्यात एक खोट मात्र राहिली होती. तो बेसाल्ट वाटत नव्हता. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग दख्खन ट्रॅपचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासच्या लाव्ह्याचे थरावर थर. ट्रॅप हा शब्दच पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, आपल्या डोंगरांची उतरंडही तशीच. हा लाव्हा जमिनीवर पसरून लवकर थिजला, म्हणून त्यातले स्फटिक बारीक, नुसत्या डोळ्याला न दिसणारे. शेजारच्या मुलाने दिवेघाटातून आणलेला तुकडा तसाच होता. माझ्या पाट्यातल्या काड्या मात्र दीड-दीड मिलिमीटरच्या. भिंग लावलं तर तुटलेल्या कडेवर चमकताना दिसत. स्फटिक मोठे म्हणजे थिजायला वेळ मिळाला. वेळ मिळाला म्हणजे तो रस उघड्यावर आला नव्हता. जमिनीच्या पोटातच कुठेतरी अडकून सावकाश गार झाला होता.

मॅडमनी धुळे जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा टेबलावर पसरला. साक्रीच्या आजूबाजूला पूर्व-पश्चिम अशा बारीक रेघाच रेघा. "या काय?" त्यांनी विचारलं. डाइक. लाव्हा वर येताना उभ्या भेगांत अडकलेला आणि तिथेच थिजलेला खडक. नंदुरबार-धुळे भागात त्यांचा थवाच आहे, काही तर कित्येक किलोमीटर लांबीच्या. आजूबाजूचा बेसाल्ट झिजतो, डाइक मागे राहते, लांबच लांब भिंतीसारखी. मी त्या नकाशाकडे बघत होते आणि डोळ्यासमोर आमच्या गावामागची टेकडी होती. लहानपणी आम्ही तिला भिंतच म्हणायचो, आणि इतकी सरळ टेकडी कुणी का बांधली असेल यावर आमच्या गोष्टी असायच्या. माझा पाटा डोलेराइट होता, बेसाल्टच्याच खनिजांचा पण मोठ्या स्फटिकांचा, डाइकचा.

नाताळात घरी गेले ती आप्पांना घेऊन थेट भिंतीवर. हातोड्याने ताजा तुकडा काढला, भिंग लावलं. त्याच काड्या. टेकडीच्या एका अंगाला जुन्या छिन्नीचे घाव होते, ओळीने, झिजलेले. पाटे-वरवंटे घडवणारे दगड इथूनच काढत असावेत असा माझा अंदाज. लिखित पुरावा नाही, पण आजीला विचारलं तर ती म्हणाली, घाटातला पाटा लवकर घासतो, इथला घासत नाही, हे कुणालाही माहीत आहे. कुणालाही म्हणजे तिच्या वयाच्या बायकांना. मी तिला ऑफिटिक रचना सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग टाकी लावायला दोन रुपये जास्त का घ्यायचे ते आता कळलं.

आप्पांना दुसरंच सुचलं. आमची विहीर भिंतीच्या वरच्या अंगाला, काकांची खालच्या अंगाला, मधे जेमतेम दोनशे पावलं. आमची मार्चअखेरपर्यंत तग धरते, काकांची माघातच तळाला जाते. काकांनी पाणाड्याला दोष दिला होता, पाणाड्याने काकांच्या नशिबाला. आप्पांनी पायाखालच्या दगडाकडे बघून विचारलं, "ही भिंत खालीपण आहे का?" आहे, मी म्हणाले. किती खोल? ज्या भेगेतून रस वर आला तिच्याएवढी, म्हणजे विहिरीच्या मानाने पाताळच. ते बराच वेळ उगी बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा बांधच झाला." बरोबर एका वाक्यात. सगळ्याच डाइक पाणी अडवतात असं नाही. काही इतक्या तडकलेल्या असतात की पाणी त्यांच्यातूनच वाहतं. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांनी ते ऐकलं नाही, काकांकडे निघालेही होते. त्या संध्याकाळी ओसरीवर माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा वर्ग भरला. काका, चुलत भाऊ, शेजारचे दोघे. फळा म्हणून राखेने सारवलेली जमीन. काकांचा शेवटचा प्रश्न, "मग आता विहीर कुठे खणू?" तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

सत्राच्या शेवटी वर्गासमोर बोलायला मला दहा मिनिटं दिली होती. मी पंचवीस घेतली. विहिरीचा भाग मॅडमना आवडला. लेखी पेपरात मात्र मला बेताचेच मार्क पडले. आग्नेय खडकांचं वर्गीकरण मी नेहमीसारखं उलटसुलट लिहून आले.

पुढे याचं काय केलंस, असं विचारतात. काही नाही. सरकारी नोकरीची परीक्षा दोनदा दिली, दोनदा राहिले. मग बँकेची दिली आणि लागले. बरीच वर्षं झाली. आमच्या शाखेत काउंटरला काळा ग्रॅनाइट बसवला तेव्हा मी मॅनेजरना सांगितलं, हा ग्रॅनाइट नाही, बाजारात काळ्या पॉलिशच्या दगडाला सरसकट ग्रॅनाइट म्हणतात, हा आमच्या पाट्याचा जातभाई आहे. त्यांनी विचारलं, मग बिल बदलून मागायचं का?

ती स्लाइड मला घरी न्यायची होती. मामांनी दिली नाही. खात्यात केलेली वस्तू खात्याची, म्हणाले, आणि हिऱ्याच्या टोकाने काचेवर नंबर कोरून लाकडी पेटीत ठेवून दिली. एकेचाळीस. गेल्या वर्षी एका लग्नात आमच्याच खात्यातला एक मुलगा भेटला, माझ्यानंतर सहा-सात वर्षांनी पास झालेला. बोलता बोलता मी पेटीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "अहो ताई, त्या एकेचाळीस नंबरने घात केला. जर्नलमध्ये सगळ्यांनी बेसाल्ट लिहिलं होतं, मीपण तेच लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी दोन मार्क कापले." मग जरा थांबून म्हणाला, "काय होतं हो त्यात?"

मी विचारलं, "तुला काय दिसलं होतं?"